रडक्या गाडीचा भोंगा

मित्रांनो, परभणीला जिंतूर रोडवर खाजामियाँचे मोटार गॅरेज आहे. तिथे मागच्या भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली आहे. फळीवर जुने प्लग, तुटके आरसे आणि फाटलेले पट्टे पडलेले असतात. त्या पसाऱ्यात कर्ण्यासारख्या तोंडाचा, एका बाजूने चेपलेला काळा भोंगा दिसला तर तो मीच. माझ्या दोन्ही वायरी कापलेल्या आहेत, त्यामुळे आता मला ओरडता येत नाही. सांगता मात्र येते.

माझा जन्म दिल्लीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. मोटारीत चोर शिरला की ओरडायचे, एवढेच काम मला नेमून दिले होते. मला ज्या डब्यात भरले त्यात माझ्याबरोबर एक कुलूप, दोन किल्ल्या आणि स्प्रिंगला टांगलेला एक लोखंडी गोळा होता. गाडी हलली की हा गोळा डुलायचा, बाजूच्या पत्र्याला टेकायचा आणि लगेच माझ्या अंगात वीज यायची. मग मी ओरडायचो. गाडी चोराने हलवली की बैलाने की वाऱ्याने, हे ना त्या गोळ्याला कळत होते, ना मला. आम्ही आपले सांगितलेले काम करत होतो.

दिल्लीहून औरंगाबादच्या दुकानात आणि तिथून परभणीला असा माझा प्रवास झाला. त्या काळी आमच्या भागात मोटारीला अलार्म बसवणारा माणूस विरळाच होता. मला ज्यांनी घेतले ते तात्याराव गंगाखेडजवळचे ऊसवाले शेतकरी. त्यांची पांढरी अँबॅसिडर होती. नांदेडला एका लग्नात मांडवाबाहेर लावलेल्या त्या गाडीची स्टेपनी चोरीला गेली. तेव्हापासून गाडी नजरेआड झाली की तात्यारावांचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी ते खाजामियाँकडे आले.

खाजामियाँनी मला बॉनेटखाली घट्ट बसवले. पुढच्या दाराजवळ कुलूप बसवले. मग तात्यारावांना समजावून सांगितले, “तात्यासाब, ही किल्ली फिरवली की भोंगा जागा. दार उघडलं तर वाजेल. गाडी हलली तरी वाजेल.”

“आन आत आमची कापशी बसली आसली तर?” तात्यारावांनी विचारले.

“तर मग हा खटका पाडायचा,” खाजामियाँनी स्टेअरिंगखाली हात घालून दाखवले. “खटका पाडला की हलण्याचं बंद. फकत दार उघडलं तर ओरडेल.”

ही कापशी मागच्या सीटवर बसून सगळे ऐकत होती. ती म्हणजे तात्यारावांच्या घरची पामेरियन कुत्री. थोरल्या मुलीचे लग्न होऊन ती सासरी गेली आणि तात्यारावांच्या पत्नीला, सुमनबाईंना घर खायला उठले. तेव्हा जावयांनी हे पिल्लू आणून दिले. बोंड फुटून कापूस बाहेर यावा तसे तिचे केस होते, म्हणून नाव पडले कापशी. सुमनबाई भाकरी करायला बसल्या की ती चुलीपासून हातभर लांब बसे आणि पहिला चतकोर तिचाच असे. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की ती घरातले सगळे सोडून धावत येई. गाडीत बसणे तिला फार आवडायचे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. तात्याराव पाहुण्यांना मुद्दाम अंगणात आणायचे, किल्ली फिरवायचे आणि म्हणायचे, “हं, आता लावा हात गाडीला.” पाहुण्याने बोट लावले की मी ओरडायचो, पाहुणा दचकून मागे सरकायचा आणि सगळे हसायचे.

पण कौतुकाला लवकरच ओहोटी लागली. साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. रांगेतल्या एका बैलाने आपली मान आमच्या अँबॅसिडरला खसाखसा घासली. मी ओरडलो आणि बैल असा उधळला की अर्धा ऊस रस्त्यावर सांडला. गाडीवान तात्यारावांना नाही नाही ते बोलला. पुढे पुढे ट्रक जवळून गेला तरी मी वाजायचो. एसटी स्टँडवर कुणी टेकून उभे राहिले तरी वाजायचो. कापशी आत असताना खटका पाडायचे विसरले की तिने कूस बदलली तरी वाजायचो. पहिल्या पहिल्यांदा लोक धावत यायचे. मग नुसते वळून बघायला लागले. मग तेही बंद झाले. गंगाखेडला आणि परभणीच्या बाजारात आमच्या गाडीचे नावच पडले, ‘रडकी गाडी’.

“वाजू द्या हो,” तात्याराव स्वतःच सांगायचे, “आपोआप गप बसतंय ते.”

मित्रांनो, एखाद्या भोंग्याची याहून वाईट अवस्था दुसरी नसेल. आवाज पहिल्याइतकाच होता, पण तो कुणाच्या कानात शिरत नव्हता.

हळूहळू तात्यारावांना एक सवय लागली. कापशीला गाडीत ठेवून ते कामाला जाऊ लागले. आधी पाच मिनिटांसाठी, मग चहा होईपर्यंत, मग जरा जास्त वेळ. काच दोन बोटे खाली ठेवायची, खटका पाडायचा, किल्ली फिरवायची आणि निघायचे. कुत्री चोराला भुंकते, भोंगा चोराला ओरडतो, मग आता काळजी कसली, असा त्यांचा हिशेब. सुमनबाईंना ते पटत नव्हते.

“तिला एकलीला गाडीत ठेवत जाऊ नका,” त्या म्हणायच्या.

“आगं, अलारम हाय की.”

“अलारमाचं मला सांगू नका. ती जीव हाय, श्टेपनी न्हाई.”

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कापशीचा कान चिघळला होता. घरी पाहुणे असल्यामुळे सुमनबाईंना निघता येईना, म्हणून तात्याराव एकटेच तिला घेऊन परभणीला आले. जनावरांच्या दवाखान्यात तिचा कान धुतला, औषध घातले. परत निघताना त्यांना आठवले की विहिरीवरच्या मोटारीचे बेअरिंग दुरुस्तीला दिले आहे, ते घ्यायचे राहिले.

त्या दिवशी गावात मोर्चा होता. विद्यापीठाच्या नामांतराची मागणी कित्येक वर्षे चालू होती. सकाळपासून ट्रक भरभरून माणसे येत होती. रस्त्यांवर निळे झेंडे होते, चौकाचौकात पोलीस होते. दुकानदार अर्धे शटर ओढून बसले होते. तात्यारावांनी गाडी नेहमीच्या जागी, भगवानरावांच्या चहाच्या हॉटेलासमोर कडुलिंबाखाली लावली. त्या वेळी तिथे सावली होती. पण सावली काही एका जागी बसून राहत नाही.

“तात्याराव, लवकर या बरं,” भगवानराव हॉटेलातून म्हणाले. “मोर्चा निघायलाय.”

“हे आलोच. बेअरिंग उचलायचं आन यायचं.”

एरवी तात्याराव काच दोन बोटे खाली ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी रस्त्यावरच्या गर्दीकडे पाहिले. गर्दीतल्या कुणी आत हात घातला तर काय, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी चारही काचा वरपर्यंत चढवल्या. पुढच्या दारांच्या लहान तिकोनी काचाही लावून घेतल्या. कापशीच्या डोक्यावर हात फिरवला, दार लावले आणि किल्ली फिरवली. घाईत खटका पाडायचा मात्र राहून गेला.

ते गेल्यावर थोडा वेळ सगळे शांत होते. मग ऊन लिंबाच्या फांदीवरून उतरून गाडीच्या टपावर आले. अँबॅसिडरच्या सीटा रेक्झिनच्या होत्या आणि रेक्झिन लवकर तापते. बॉनेटखाली मला आतले काही दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. आधी कापशी एका सीटवरून दुसऱ्या सीटवर गेली. मग काचेवर नखे ओढल्याचा आवाज आला. मग ती दाराला धडका देऊ लागली. गोळा डुलला आणि मी ओरडलो.

हॉटेलात कुणीतरी हसून म्हणाले, “लागली का रडकी गाडी रडायला!”

“वाजू दे,” दुसरा म्हणाला. “तात्यारावची हाय. गप बसंल मनानं.”

मी थांबायचो, ती पुन्हा उडी मारायची, मी पुन्हा ओरडायचो. मोर्चाच्या घोषणा जवळ येत चालल्या होत्या. मी जीव तोडून ओरडत होतो आणि हॉटेलातली माणसे कानावर हात ठेवून चहा पीत होती.

तात्याराव त्या वेळी चौकाच्या पलीकडे अडकले होते. बेअरिंग घेऊन ते वळले तोवर पोलिसांनी दोर लावून रस्ता अडवला होता. हे सगळे मला नंतर कळले. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता. “माझी गाडी वाजायलीय, मला जाऊ द्या,” असे ते पोलिसाला म्हणालेही. मोर्चा पुढे गेल्यावर जा, असे उत्तर मिळाले. कुणीतरी गाडीला हात लावतोय, याची त्यांना धाकधूक लागली होती. आत कापशी उन्हाने तडफडत असेल, हे त्यांच्या मनातही आले नाही. थोड्या वेळाने माझा आवाज थांबला, तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. चला, गाडी वाचली, असे त्यांना वाटले.

माझा आवाज का थांबला होता, ते तुम्ही ओळखले असेल. कापशी हलायची थांबली होती.

हॉटेलातही सगळ्यांना बरे वाटले. “सुटलो बुवा,” असे म्हणून एकाने पेपर उघडला.

रस्त्याच्या कडेला पाणपोई होती. तिच्या ओट्यावर दोन बाया बसल्या होत्या. एक कस्तुराबाई आणि दुसरी तिची धाकटी जाऊ सरजाबाई. दोघी वालूरहून मोर्चाला आल्या होत्या. चालता चालता कस्तुराबाईच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून पाणी पिऊन, चपलेला चिंधी बांधून त्या पुन्हा मोर्चात शिरणार होत्या. कस्तुराबाई साठीच्या घरात होती. ही गाडी कुणाची, तिला रडकी का म्हणतात, हे तिला काहीच ठाऊक नव्हते.

“सरजा,” ती म्हणाली, “ते वरडायचं थांबलं गं.”

“बरं झालं की. कान किटले व्हते.”

“आगं, गाडीपाशी कुणी आलं न्हाई, गेलं न्हाई. मंग थांबलं कसं?”

ती एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशीच उठली. तापलेल्या डांबरावरून गाडीपाशी आली. दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूला धरून तिने काचेतून आत पाहिले.

“आगं बया! कुत्रं हाय आत. जीभ भायेर टाकून पडलंय!”

तिचा आवाज ऐकून भगवानराव धावत आले. त्यांनी चारही दारे ओढून पाहिली, पण सगळी लॉक होती. त्या ओढाओढीने मी पुन्हा ओरडू लागलो. काचेतून त्यांना कापशी दोन सीटांच्या मधे आडवी पडलेली दिसली. तिचे पोट भराभर वरखाली होत होते आणि तोंडाला फेस आला होता.

“तात्यारावला कुणीतरी बोलवा रे!” भगवानराव ओरडले. पण रस्त्यावर मोर्चा होता आणि पलीकडे जायला वाट नव्हती.

“काच फोडा,” कस्तुराबाई म्हणाली.

“मावशी, आजच्या दिवशी?” भगवानरावांनी आवाज खाली आणला. “मोर्चा चालूय. काच फुटल्याचा आवाज झाला तर पोलीस काय समजतील, ध्यानात येतंय का तुमच्या?”

सरजाबाईने तिचा पदर ओढला. “आक्का, नगं. सकाळी मैदानात काय सांगितलं? एक खडा बी उचलायचा न्हाई. आपल्या हातून काच फुटली तर समद्या मोर्च्यावर येईल. पोरांच्या टाळक्यात लाठ्या बसतील.”

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत वस्त्या कशा पेटल्या होत्या, ते कस्तुराबाईने डोळ्यांनी पाहिले होते. काच फुटण्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने पुन्हा काचेतून आत पाहिले. आत कापशीचे पाय एकदा ताठ झाले आणि सैल पडले.

“खडा उचलायचा न्हाई म्हणलेत ना?” कस्तुराबाई भगवानरावांना म्हणाली. “मंग तुमचा तो बत्ता द्या.”

हॉटेलच्या फळीवर चहाचे अद्रक कुटायचा लोखंडी बत्ता होता. भगवानरावांनी बत्त्याकडे पाहिले, रस्त्यावरच्या पोलिसांकडे पाहिले. मग त्यांनी जाऊन बत्ता आणला आणि तिच्या हातात दिला.

“ती ल्हान तिकोनी काच फोडा,” ते हळूच म्हणाले. “तितून हात आत जाईल.”

कस्तुराबाईने पदर हाताला गुंडाळला. पहिला घाव काचेवरून घसरला. दुसऱ्या घावाला काच खळकन आत पडली. तिने हात घालून आतली मूठ फिरवली आणि दार उघडले.

दार उघडले की सगळ्यात मोठ्याने ओरडायचे, हे माझे काम. मित्रांनो, त्या क्षणी मला गप्प बसता आले असते तर किती बरे झाले असते. पण मी ओरडलो. चौकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो.

दोन पोलीस काठ्या घेऊन पळत आले. त्यांनी पाहिले ते एवढेच, की मोटारीची काच फुटली आहे, भोंगा वाजतो आहे आणि मोर्चातल्या एका बाईच्या हातात लोखंडी बत्ता आहे. एकाने तिचे मनगट पकडले.

“ए बाई, काय फोडाफोड लावलीस?”

“गाडी फोडली! मोर्चावाल्यांनी गाडी फोडली!” कुणीतरी ओरडले आणि ती ओरड रस्त्याने धावत सुटली. दुकानांची शटरे खडाखड खाली येऊ लागली. मोर्चाच्या शेवटच्या रांगा वळल्या. आपल्या बाईला पोलिसांनी धरले, हे पाहून झेंडे घेतलेली पोरे परत यायला लागली. चौकातून आणखी पोलीस आले आणि त्यांच्यामागे फौजदार आले. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांच्या समोर येऊन ठाकली. मधे फक्त आमची गाडी होती.

कस्तुराबाईने हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. ती म्हणाली, “सायेब, आधी पाणी घालू द्या तिच्या अंगावर. मंग न्या मला कुठं न्यायचं ते.”

पण पाणी आधीच आले होते. नको नको म्हणणाऱ्या सरजाबाईनेच कापशीला गाडीतून ओढून लिंबाच्या बुंध्याशी सावलीत ठेवले होते आणि पाणपोईच्या ओगराळ्याने ती कापशीच्या पोटावर, पायांवर, कानांमागे पाणी ओतत होती. आजूबाजूला काय चालले आहे, तिकडे तिचे लक्षच नव्हते.

या गोंधळात चौकातला दोर ढिला पडला आणि तात्याराव धावत आले. त्यांच्या हातात अजून ते बेअरिंग होते.

“गाडी तुमची?” फौजदारांनी विचारले. “या बाईनं फोडलीय. तक्रार द्या, आत्ता हिला आत घेतो.”

“द्या, तात्याराव,” मागून कापडदुकानदार दत्तराव म्हणाले. “आज काच फोडली, उद्या आमची दुकानं फोडतील.”

मी ओरडतच होतो. तात्यारावांनी आधी खिशातून किल्ली काढली आणि कुलपात फिरवली. मी गप्प झालो. एकदम सगळीकडे शांतता पसरली. इतकी, की सरजाबाई ओतत होती त्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

तात्यारावांनी कापशीकडे पाहिले. ओल्या केसांमुळे ती अर्धी झाल्यासारखी दिसत होती. मग त्यांनी गाडीकडे पाहिले. चारही काचा वरपर्यंत चढवलेल्या होत्या. त्या कुणी चढवल्या, हे त्या गर्दीत फक्त त्यांनाच माहीत होते.

“सायेब, हात सोडा त्यांचा,” ते म्हणाले.

“म्हणजे? तक्रार नाही?”

“कशाची तक्रार? काचा म्या लावल्या. कुत्रं म्या कोंडलं. ह्या बाईंनी दार उघडलं.”

“काच फोडली ना तिनं?”

“फोडली. माझ्या घरचं माणूस हितं आसतं, तर त्यानंबी फोडलीच आसती. लिहून घ्यायचं आसंल तर तसं लिहा.”

 फौजदारांनी एकदा इकडच्या गर्दीकडे पाहिले, एकदा तिकडच्या झेंड्यांकडे. मग त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने मनगट सोडले.

“चला, पुढं व्हा,” फौजदार मोर्चाला म्हणाले. “काही झालेलं नाही. कुत्रं अडकलं होतं गाडीत.”

ही बातमी मोर्चात रांगेमागून रांगेत पुढे गेली. कुत्रं होतं गाडीत. आपल्या मावशीनं काढलं. वळलेल्या रांगा पुन्हा सरळ झाल्या. अर्ध्यावर आलेली शटरे तिथेच थांबली.

कस्तुराबाईने बत्ता धुतला आणि भगवानरावांना परत दिला. तिच्या मनगटावर पोलिसाची बोटे उमटली होती. ते वळ पदराने झाकत ती कापशीजवळ उकिडवी बसली. कापशीने डोळे किलकिले केले आणि ओगराळ्यातले पाणी जिभेने चाटले. सगळ्यांनी ते पाहिले.

“कोण्या गावच्या तुमी?” तात्यारावांनी विचारले. 

“वालूरच्या. मी कस्तुरा, ही माझी जाऊ.”

“आमची गाडी हाय... मी सोडतो तुमाला, म्हणताल तितं.”

“मोर्चा फुडं गेला, दादा,” कस्तुराबाई म्हणाली. “आमाला जायाचंय. तुमी हिला आधी दवाखान्यात न्या.”

आणि त्या दोघी गेल्या. जाण्याआधी कस्तुराबाईने तुटलेल्या चपलेला चिंधी तेवढी बांधून घेतली.

दवाखान्यात कापशीला सलाईन लावले. संध्याकाळी ती उभी राहिली. तात्यारावांनी घरी काही लपवले नाही. सुमनबाईंनी सगळे ऐकून घेतले.  कापशीला मांडीवर घेऊन त्या फक्त म्हणाल्या, “खटका पाडला व्हता का?”

“न्हाई. इसरलो.”

“बरं झालं इसरला. पाडला आसता तर भोंगा वाजला नसता, आन ही मुक्यानंच गेली आसती.”

 नवी काच बसवायला तात्याराव गॅरेजला आले तेव्हा त्यांनी खाजामियाँना सगळी हकीकत सांगितली, तीही जमिनीकडे बघत. तेव्हाच मला दोरापलीकडची हकीकत कळली. त्यानंतर कापशी गाडीत कधीही एकटी राहिली नाही. काम कितीही लहान असले तरी तात्याराव तिला काखेत घेऊन उतरायचे. लोक हसायचे. हसू द्या, म्हणायचे ते.

पुढच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळाले. चार-सहा दिवस गावोगाव वातावरण तंग होते. ते निवळल्यावर सुमनबाईंनी डब्यात तीळगूळ भरला आणि गाडी काढायला सांगितले.

“कुठं जायाचं?”

“वालूरला.”

तात्यारावांनी किल्ली खुंटीवरून काढली. “जाऊ की. पण आत्ताच्या दिवसांत... लोक काय म्हणतील?”

“लोकायनी काच फोडली न्हाई,” सुमनबाई म्हणाल्या.

गाडी वालूरला कस्तुराबाईच्या गल्लीत जाऊन थांबली. घरावर निळा झेंडा होता. कस्तुराबाईने अंगणात बाज टाकली. सरजाबाईने चहा केला. अँबॅसिडर बघायला सगळी गल्ली गोळा झाली होती, पण खरे तर सगळे चहाच्या कपांकडे बघत होते. कप उचलले जातात की तसेच राहतात, हे त्यांना बघायचे होते. सुमनबाईंनी तीळगूळ दिला, कप उचलला आणि बोलता बोलता पिऊन टाकला. तात्यारावांनीही घेतला. बशीत सांडलेला चहासुद्धा त्यांनी ठेवला नाही.

“हिचे केस लय हायत,” कस्तुराबाई कापशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. “उन्हाळ्यात जपत जा.”

“जपतो,” तात्याराव म्हणाले.

गाडी गल्लीत चारही काचा उघड्या ठेवून उभी होती. मला त्या दिवशी कुणी जागे केले नव्हते.

कापशी पुढे खूप वर्षे जगली आणि म्हातारपणाने सुमनबाईंच्या पायाशी झोपेतच गेली. अँबॅसिडर जुनी झाली, भंगारात निघाली. खाजामियाँनी मला सोडवून घेतले, पण उतरवताना मी हातातून निसटलो आणि माझे तोंड चेपले. तेव्हापासून मी या फळीवर आहे. माझ्यावर धूळ बसते. नव्या गाड्यांचे भोंगे माझ्याहून हुशार आहेत, असे ऐकतो. असतील. पण मित्रांनो, भोंगा कितीही हुशार असला तरी तो चोराला पळवू शकतो, उन्हाला पळवू शकत नाही. म्हणून भोंग्याच्या भरवशावर मुक्या जिवाला गाडीत कोंडून जाऊ नका. त्याला घरी ठेवा, नाहीतर बरोबर घेऊन उतरा. आणि रस्त्यात उभी असलेली एखादी बंद गाडी ओरडताना दिसली, तर तिला नावे ठेवण्याआधी एकदा काचेतून आत डोकावून बघा. ती ओरडता ओरडता गप्प झाली, तर मात्र चालत जाऊ नका, पळत जा.